सुनेचं डोकं दुखत होतं

४ ऑगस्ट
सुनेला उचलून दवाखान्यात नेलं! शिलाई मशीनवरच आकडी आली — डोळे वर, दातखीळ बसलेली. आठवा महिना नुकताच लागलेला. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. सव्वा किलोसुद्धा नाही. रडलीच नाही.
"डोकं कधीपासून दुखत होतं?" बाईंनी विचारलं.
"आजच," मी म्हणाले.
खोटं. तीन दिवस दुखत होतं.

५ ऑगस्ट
पोर काचेच्या पेटीत. नाकात नळी. दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जातात. सून बेशुद्धच.
बाई माझ्या मुलाला समजावत होत्या — रक्तदाब चढला की वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, म्हणून वाढ खुंटली. त्यात दिवस भरायच्या आत काढावं लागलं, फुप्फुसं कच्ची. "वेळेवर आणलं असतं तर औषधांवर थोडे दिवस ढकलता आले असते."
थोडे दिवस! माझ्या हातात तीन होते.

६ ऑगस्ट
डोळ्याला डोळा नाही. शुक्रवारी म्हणाली होती, "आई, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत." पाय सुजून चपलेचे पट्टे रुतलेले. आणि मी? "पोटुशी बाई म्हटली की सूज यायचीच. आम्ही नाही काढले दिवस? तेवढ्या कॉलर लावून टाक." पंधरा ऑगस्टच्या आत शाळेचे गणवेश द्यायचे होते ना! तिनं मुकाट्यानं लावल्या. सगळ्या. सरळ टाक्यात.

७ ऑगस्ट
पोरीचा श्वास दोनदा थांबला.

८ ऑगस्ट
सून शुद्धीवर आली. मुलगा तिच्या उशाशी हुंदके देत होता — "माझंच चुकलं. घर बदलताना मीच तुला खोकी उचलू दिली." मी शेजारी उभी, तोंडाला कुलूप. पोटच्या पोराला माझं पाप वाहू देतेय! कुठे फेडू हे?

१० ऑगस्ट
सांगितलं. दोघांसमोर, मग बाईंनाही. काजवे, सूज, कॉलर, खोटं — सगळं. मुलगा उठून बाहेर गेला. सून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शिव्या तरी द्यायच्या होत्यास गं!

१३ ऑगस्ट
पोरीची नळी काढली. आता तिला कुणीतरी उघड्या छातीशी धरायचं, ऊब द्यायची. सुनेचे हात अजून थरथरतात. मुलगा पुढे झाला. ती म्हणाली, "थांब. आधी आईंना घेऊ दे."