घट्ट झालेला मुलतानी

ती. ताईस,

धाकट्याचा दंडवत. घसा कसा आहे? (बोलू नकोस, नुसती मान हलव. पत्रात एवढी तरी सोय आहे.) भावोजींचा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल, निदान भावोजी तरी.

इकडे तुझी भावजय ठीक आहे, मी मात्र तोंडघशी पडलोय. सॅक्सोफोनच्या चाव्या जन्मतःच शिस्तीच्या, हे तुला ठाऊक आहे. दाबली की एक स्वर, सोडली की दुसरा. आपल्या गाण्याचा तर सगळा जीव त्या दोहोंच्या मधल्या वाटेत. म्हणून तू समोर बसून गायचीस आणि मी स्प्रिंगा ढिल्या करत, गाद्या मऊ करत, चावी अर्धीच दाबून मींड काढायला शिकलो. त्यात उमेदीची वर्षं गेली. परवा मैफलीच्या तोंडावर एक चावी अडकायला लागली, म्हणून वाद्य दुरुस्तीला टाकलं. दुरुस्तीवाला भला माणूस. त्याला सगळंच खिळखिळं दिसलं, आणि त्याने न सांगता झाडून सगळ्या चाव्या घट्ट करून वर पॉलिशही मारलं. (मी ते न वाजवता, चकाकी बघत घरी आणलं. असतो एकेक शहाणा.)

मैफलीत मुलतानी धरला. मध्यमावरून गंधारावर घसरत उतरायला गेलो, तर दोघे भांडण झालेल्या शेजाऱ्यांसारखे आपापल्या दारात उभे. ओठ आवळले, मान वाकवली, घाम फुटला, काही उपयोग नाही. कसंबसं संपवलं. आणि ताई, लोकांनी टाळ्या वाजवल्या. संयोजक म्हणाले, यंदा हातात फार सफाई आलीय. तबलजीसुद्धा मान डोलावत होता. कुणाला म्हणून कळलं नाही. घरी येऊन मला रडू आलं. ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला, तेव्हापासून माझं वाजवणं कुणी नीट ऐकलेलंच नाही.

असो. औषधं वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. दुरुस्तीवाला चाव्या पुन्हा ढिल्या करायला तयार आहे, पण किती, ते सांगणारं कुणीतरी शेजारी बसायला हवं म्हणतो. गाता येत नाही म्हणून तू गाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीस, माहीत आहे. मला तुझे कान हवेत. चुकलं की हात वर कर, मला पुरे.

आणखी एक. ही विनंती आहे असं समजू नकोस. वाद्य त्याच्याकडेच ठेवून आलोय, आणि ताई आल्याशिवाय हात लावायचा नाही, असं बजावलंय. तोवर आपण दोघंही मुके.