हाताचा क्लच

प्रिय बंधुराज,

‘प्रिय’ एवढ्यासाठीच, की कोरा कागद समोर आला की हात आपोआप ते लिहून मोकळा होतो. त्यात आणखी काही शोधू नकोस. तुझ्या डोक्यात आत्ता काय चाललंय याची मला पूर्ण कल्पना आहे, पण इकडेतिकडे फोन करत सुटण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी आईचं नाव काढलं की तू कार्ब्युरेटरवर घसरतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी तुझ्या लाडक्या विषयावर बोलते, म्हणजे तू वाचत राहशील. तुमच्या त्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या मित्रांसमोर तू मला म्हणाला होतास, “ताई, तू आपली सीटं शिव, गाड्यांतलं तुला काय कळतंय!” शिवते की. तुम्हा सगळ्यांचीच शिवते. तुमच्यातला एकेक जण गाडीभोवती कॅमेरा घेऊन नाचत असतो, तेव्हा मी तिच्या पोटात डोकं घालून बसलेली असते. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं म्हणजे गाड्या काढणाऱ्यांच्या अंगातच आलं होतं. एकीचं दार बाहेर उघडतच नाही, सरळ खाली उंबऱ्यात उतरतं. एकीचं छप्पर चटईसारखं गुंडाळून ठेवायचं. एक दिसते थेट गोगलगाय, आणि ती कुणीतरी सामान वाहायला म्हणून बनवली होती! तुमच्या क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांची गाडी बाईच्या आवाजात सांगते, दार उघडं आहे. ते मुद्दाम दार उघडं ठेवून बसतात, म्हणतात, घरी माझ्याशी एवढं तरी कोण बोलतं. आज कुणी असली गाडी कागदावर काढली तर त्याला दुपारच्या आत घरी पाठवतील. म्हणून तर मला त्या आवडतात. कुणीतरी वेडेपणा केला आणि कुणीतरी तो चालवून घेतला. हे मला तुझ्या आधीपासून कळतंय, कारण आपण दोघं असल्याच एका गाडीत वाढलोय.

आपली तर त्या सगळ्यांत विक्षिप्त. कच्च्या लिंबाचा रंग, मागचा अर्धा भाग काचेचा, आणि दिवे दिवसभर झाकून झोपलेले. बटण दाबलं की डावा डोळा टक्कन उघडायचा आणि उजवा अंमळ उशिरा, आळस देत. गल्लीत म्हणायचे, नर्सबाई डोळा मारून गेल्या. आई लटकं रागवायची, पण बाबांनी तो दिवा दुरुस्त करतो म्हटलं तेव्हा तिनंच नको म्हणून सांगितलं.

आता त्या गाडीतल्या खऱ्या विचित्र गोष्टीकडे येते. तू वाचताना इथून पळ काढणार, मला माहीत आहे. पळू नकोस.

आईचा डावा पाय लहानपणच्या तापानं वाळलेला. घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम, आणि ती फिरायची बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. बाबांची गिरणीत पाळी असली की तिचे रोगी वाट बघत राहायचे. मग ही गाडी आली, कुणीतरी कंटाळून विकलेली, म्हणून आपल्या ऐपतीतली. पण क्लच दाबायला डावा पाय लागतो. बाबा गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांनी गिअरच्या दांड्याला लागून एक लोखंडी तरफ बसवली, सायकलच्या ब्रेकसारखी, पण चांगली लांब, खालून तार थेट क्लचपर्यंत. तळवा गिअरवर, चार बोटं तरफेवर. मूठ आवळली की क्लच दाबला जायचा, त्याच हातानं गिअर टाकायचा, मूठ सैल केली की गाडी निघाली. पहिली तरफ मोडली. दुसरी इतकी कडक झाली की आईच्या बोटांना फोड आले. तिसरीला त्यांनी जुन्या कानशीची लाकडी मूठ कापून बसवली, आणि ती जमली. गिरणीच्या मागच्या मोकळ्या आवारात आई गाडी शिकली. बाबा शेजारून चालत होते, मग धावायला लागले, मग धापा टाकत उभे राहिले आणि ती एकटीच पुढं गेली. तू मागच्या सीटवर पाय दुमडून बसला होतास. तू ओरडत होतास, आमची आई हातानं गाडी चालवते! शाळेत कितीतरी दिवस तू तेच सांगत फिरायचास.

म्हणजे ती तरफ काय आहे हे तुला ठाऊक नव्हतं, ही सबब तुझ्याकडे नाही. माझा संताप आहे तो इथं आहे, बाकीचं सगळं मी पोटात घातलं असतं.

बाबा गेले, मग गाडीच्या इंजिनानंही मान टाकली. तू आलास, बॉनेट उघडून मोठ्या डॉक्टरसारखा चेहरा केलास आणि आईचा हात हातात घेऊन म्हणालास, “तुझ्या वाढदिवसाला तुला नवी करून आणून देतो.” तुला देतो म्हणालास. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. वाढदिवस आला नि गेला. दुसरा आला. तुझं आपलं एकच, हा नट परदेशातून येतोय, तो रंग मूळ छटेचा मिळत नाहीये. आई इकडे खिडकीत बसून. बसच्या पायऱ्यांवर तिचा पाय चढत नाही, हे तुला नव्यानं सांगायला नको. अजून तिच्या दोन-तीन जुन्या म्हाताऱ्या आहेत, ज्यांना पायाच्या जखमेला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही. आई त्यांच्याकडे जायची ती शेजाऱ्यांना सवड असेल तेव्हा. आयुष्यात जिनं कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही, ती जिन्यात उभी राहून विचारायची, तुम्ही त्या बाजूला जाणार आहात का हो? नाही म्हटलं की हसून दार लावून घ्यायची. ती कुढली नाही, रडली नाही. मी बिनक्लचची ऑटोमॅटिक घेऊन देते म्हटलं तर म्हणाली, गाडी नकोय गं मला, माझी गाडी येतेय ना.

आणि मग तू आम्हाला बोलावलंस. गाडी आणून द्यायची होती, पण आम्हीच यायचं होतं, तुझ्या गॅरेजात. भिंतीला थर्मामीटर लावलेला, खाली गालिचा, वर मऊ कापड. क्लबातली मंडळी हातात पेले घेऊन. तू कापड ओढलंस. खरं सांगते, काय चमकत होती! तोच कच्च्या लिंबाचा रंग, सीटवर तेच चौकड्यांचं कापड (ते मी शिवलं होतं, याचा उल्लेख भाषणात राहून गेला, असो). दोन्ही डोळे एकदम उघडले, कवायत केल्यासारखे. आई काठी टेकत गेली, चालकाच्या जागेवर बसली. तिचा डावा हात सवयीनं खाली गेला, तळवा गिअरवर टेकला आणि बोटं मिटली. हवेतच मिटली. तिनं पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. अंधारात बटण चाचपावं तशी. तू समोरून फोटो काढत होतास. मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “छान झालीय हं. दार लावून घे, धूळ आत जाईल.” परत येताना रिक्षात एकदाच बोलली, “दुसऱ्या कुणाची तरी गाडी होती गं.”

मी तुला बाजूला घेऊन विचारलं, तरफ कुठाय. तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. ती फॅक्टरीची नव्हती. मूळ नसलेल्या प्रत्येक वस्तूचे स्पर्धेतले परीक्षक गुण कापतात. गॅरेजवाल्यानं भंगारात टाकली असेल. निदान काढून जपून ठेवायचीस, म्हटलं, तर म्हणालास, ठेवून काय करायचं, भोकंही बुजवून टाकलीत. आणि मग हळूच, मोठ्या समजूतदारपणे: “ताई, या वयात ती कुठं चालवणार आहे आता?” म्हणजे हे तू आधीच ठरवून टाकलं होतंस. तिला न विचारता. वाढदिवसाचं आश्वासन देतानाच, की नंतर कधीतरी रंगाच्या छटा निवडताना, तेवढं सांग. आईच्या तोंडाला पानं पुसलीस, आणि वर तिलाच टाळ्या वाजवायला बोलावलंस.

कप मिळाला तुला. मिळणारच. पण त्यातली गंमत तुला कुणी सांगितली नसेल, ती मी सांगते. तुमच्या क्लबातले सगळ्यात जुने परीक्षक, ते टोपीवाले काका, माझ्या दुकानात सीट शिवून घ्यायला आले होते. बाबा असताना त्यांनी आईची गाडी एकदा रस्त्यात थांबवून पाहिली होती. मला विचारतात, ती हाताची तरफ काढून का टाकली? तशा गाड्या जगात अजूनही थोड्याफार सापडतील, म्हणाले, पण नवऱ्यानं बायकोसाठी हातानं घडवलेला क्लच असलेली एकच होती. ती तरफ असती तर मी बाकी काही तपासलंच नसतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर, बंधुराज, तू त्या गाडीतली एकमेव अस्सल वस्तू भंगारात घातलीस आणि वर भोकं बुजवलीस. हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ते हेच. मी त्या काकांना चहा पाजला आणि मग मागच्या खोलीत जाऊन एक सबंध थान कापड उगाचच उलगडून पुन्हा गुंडाळलं, एवढा राग आला होता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, म्हणजे तुला तुझा जीव भांड्यात पाडून घेता येईल किंवा नाही, तुझं तू बघ. तू गाडीत बसवायची अस्सल राखदाणी आणायला विमानानं गेलास. घरात कुणी विडी ओढत नाही, पण राखदाणी अस्सल हवी. तू गेलास आणि तुझ्या बायकोनं मला गॅरेजची किल्ली आणून दिली. तिला बोलू नकोस, ती तुझ्यापेक्षा आधीपासून शरमलेली आहे. बाबांचे गिरणीतले टर्नर मित्र अजून लेथवर काम करतात. आईनं कणकेचा गोळा मुठीत धरून दाबला आणि त्या ठशावरून त्यांनी तरफ घडवली. मुठीला चामडं मी शिवलं. तुझ्या आरशासारख्या रंगात ड्रिलनं दोन भोकं पाडली तीही मीच. आई आत बसली. हात खाली गेला, बोटं मिटली, आणि या वेळी त्यांना काहीतरी सापडलं. एकदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली ती गेलीच, माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. जखमवाल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन, बाजार करून, आपल्या मर्जीनं परत आली. तेव्हापासून गाडी आमच्या दाराशी आहे, आणि तिथंच राहील. पोलिसांना बोलवायचं असेल तर खुशाल बोलाव, गाडी पहिल्या दिवसापासून आईच्या नावावर आहे, तुझ्याच उलट्या बोंबा ठरतील. कापडाखाली ज्या खुर्च्या सापडल्या त्या जेवणाच्या टेबलाच्या आहेत, आत नेऊन ठेव. आणि आता आईचा निरोप, जो मला बिलकूल पसंत नाही, पण कबूल केलाय म्हणून लिहिते. ती म्हणते, “त्याला सांग, इंजिन फार सुरेख केलंय त्यानं, आवाज अगदी पहिल्यासारखा आहे.” क्लबाच्या रविवारच्या मेळाव्याला ती गाडी घेऊन जाणार आहे आणि जाताना तुला घ्यायला येणार आहे. मला विचारलं असतं तर मी तुला चालत पाठवलं असतं. पण गाडी तिची, हुकूम तिचा. तेव्हा हॉर्न वाजला की खाली ये, राखदाणी घेऊन ये, आईला त्यात गोळ्या ठेवायच्यात. पुढं मी बसणार आहे. तू मागं बस, तुझ्या जागेवर, पाय दुमडून.

तुझीच, दुसरा भाऊ नसल्यामुळे,
ताई