सीटच्या नळीवरची खूण

सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकूनच करतो आहे, कारण गेले पंधरा दिवस सरळ होताच येत नाही. तुझी नि भावजींची तब्येत बरी असेलच (भावजींना ढेकरापलीकडे आजार झाल्याचं कधी ऐकलं नाही). माझी विचारशील तर मान आखडली आहे, तळहात बधिर आहेत आणि तिसऱ्या जागेबद्दल बहिणीला लिहिता येत नाही. छापखान्यात मी प्रुफं उभ्यानं वाचतो. मालकांना वाटतं, कामाचा उत्साह आहे.

सगळं त्या सायकलमुळे. आमच्या सासरी (म्हणजे मी राहतो तिथे; 'आमच्या घरी' लिहायला हात धजत नाही) सायकल एकच. मेहुणा ताडमाड. संध्याकाळी फिरायला निघाला की सीट आभाळाला भिडवतो आणि हँडल खाली दाबतो, म्हणे वारा लागत नाही. सकाळी मी सीट उतरवायची नि हँडल चढवायचं. हे काम सोपं जावं म्हणून सासऱ्यांनी सीटखालच्या नळीवर कानशीनं खुणा केल्या आहेत. सर्वांत खाली मेहुण्याची (सीट जितकी उंच, तितकी खूण खाली). त्यावर सासऱ्यांच्या स्वतःच्या दोन, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची. मेहुण्याचा कोण तो मित्र महिनाभर राहून फुकट जेवून गेला, त्याचीसुद्धा आहे! सात वर्षं झाली, जावयाची नाही. मी आपला अंदाजपंचे सीट बसवतो आणि अंदाज चुकला की दिवसभर भोगतो.

त्यात पंधरवड्यापूर्वी सीट-हँडलचे नट सैल करायचा पानाच कुलुपात गेला. 'हरवतो' म्हणून सासऱ्यांनी तो कपाटात ठेवला आणि माझ्या निघायच्या वेळी रोज ते किल्ली खिशात घालून वाचनालयात गेलेले असतात. मग काय, तशीच हाणली सायकल. पेडल खाली गेलं की पायाच्या अंगठ्यानं त्याला नुसतं शिवायचं आणि कमरेवर डावीउजवीकडे लोळत राहायचं. चौकात लाल दिवा लागला, पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा मी शेजारी उभ्या पोलिसाच्या गळ्यातच पडलो. (तो बिचारा सभ्य निघाला. घरच्यांपेक्षा तरी.)

शेवटी परवा छापखान्यातून पाना मागून आणला. टाच पेडलवर ठेवली, पाय पुरता सरळ होईल एवढी सीट केली, हँडल तिच्या बरोबरीला आणलं. अंगणात एक फेरी मारली आणि खरं सांगतो ताई, डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच अंग वाकडं. लगेच कानस घेतली आणि सगळ्यांच्या वर माझी बारीकशी खूण ओढली.

सासऱ्यांनी ती पाहिली. ओरडले नाहीत; ते कधीच ओरडत नाहीत, तिथेच तर मेख आहे. म्हणाले, 'जावईबापू, दुसऱ्याच्या वस्तूवर खुणा करू नयेत.' आणि पॉलिश पेपर आणून, चष्मा लावून, माझ्यासमोर घासून काढली. टायर मी घातलेले, साखळी मी आणलेली, ब्रेकची रबरं माझी. पण नळी दुसऱ्याची! मेहुणा हसला. घरजावयाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण ताई, मला फार लागलं. अजून लागतं आहे.

बाकी सर्व क्षेम.

तुझा
धाकटा

ता. क. तुझ्याकडची मागची खोली रिकामी आहे ना? एकट्यापुरती हवी होती. हिला अजून काही बोललेलो नाही. ती इथलीच लेक, तिला इथे काय कमी?

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी हिनं पत्र वाचलं. मला वाटलं, रडेल नाहीतर भांडेल. तिनं एवढंच विचारलं, 'आणि माझी खूण पाहिलीत कुठे?' ताई, ही लग्नाच्या आधीपासून रोज पहाटे दूध आणायला तीच सायकल नेते आणि भावाच्या सीटवरून पाय पोचत नाहीत म्हणून जाताना-येताना उभ्यानंच पेडल मारते. मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा झोपलेला असतो. खोली दोघांना पुरेल का, तेवढं कळव.