नववीच्या बाईंची रजा

८ जानेवारी
चि. धाकटीस,
अ. आ.

जिन्यावरून पडलीस आणि मनगट मोडलं, असं डाव्या हातानं काढलेल्या कोंबडीच्या पायांत कळवलंस. तेवीस वर्षं दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या बहिणीला हे सांगतेस? वहिनीकडून खरं कळलं. तुझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी तुला मारलं. माझ्यापासून का लपवलंस गं?

खिडकीजवळची खाट तुझ्यासाठी मोकळी केली आहे. लहानपणी ताप आला की माझ्याच अंथरुणात शिरायचीस. ये. घर हल्ली फार शांत असतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१४ जानेवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लाज वाटली म्हणून लपवलं. मार खाणाऱ्यालाच ती का वाटावी, कोण जाणे.

माझ्या वर्गात एकाहत्तर मुली. शाळेचा निकाल घसरू नये म्हणून कच्च्या मुलींना वार्षिक परीक्षेला बसवायचं नाही, असं वरून ठरलं. यादीवर सही वर्गशिक्षिकेची, म्हणजे माझी. मुलीला बसू द्या म्हणायला तो गृहस्थ कामाचा खाडा करून तीन दिवस मला भेटायला आला होता. बाई तासावर आहेत, असं सांगून शिपायानं तिन्ही वेळा त्याला परत पाठवलं. मला पत्ताच नव्हता. चौथ्या दिवशी यादी लागली. तो सरळ शिक्षकांच्या खोलीत आला, मुलीचं वर्ष बुडवलंत म्हणाला आणि त्यानं खुर्ची उचलली. मी हात आडवा धरला.

दारात पाच सहकारी उभे होते. एकही पुढे आला नाही. मनगटापेक्षा ते जास्त ठणकतं. शाळेचं नाव जाईल, तक्रार नको, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. मी केली.

पण ताई, साडेदहा वाजले की हात हजेरीपट शोधतो. ज्या गोंगाटानं डोकं उठायचं, तो आता कानाला हवासा झालाय.

अशीच रागवत राहा.
तुझी धाकटी

२० जानेवारी
चि. धाकटीस,
अ. आ.

तक्रार केलीस, बरं केलंस. आमच्याही अंगावर रुग्णांचे नातेवाईक धावून येतात, पण आमच्या दाराशी पहारेकरी असतो. तुझ्या हातात नुसता खडू. नोकरी सोड असं म्हणणार नाही. रोज ओठांवर येतं एवढंच. रजा आहे तोवर तरी ये.

वाट पाहणारी,
ताई

२४ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्लास्टर निघालं, शाळेत रुजूही झाले. यादीवरची सही मी मागे घेतली. बऱ्याच वादानंतर यादीही रद्द झाली. आता दर गुरुवारी दुपारी पालकांना भेटते.

ती मुलगी त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही. परवा घरी आली आणि वडिलांवरची तक्रार मागे घ्याल का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी केलं त्याचा जाब त्यांना द्यावाच लागेल. पण सही माझी होती, त्याबद्दल तुझी माफी मागते, असंही तिला सांगितलं. ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली आणि निघून गेली.

कालपासून मी तिची वाट पाहत शाळेच्या फाटकाशी उभी राहते. आज ती गणवेशात कोपऱ्यापर्यंत आली. मला पाहिलं, थांबली आणि मागे फिरली. घंटा होऊन गेली तरी माझा पाय आत पडेना.

उद्याही उभी राहणार आहे. म्हणून माझं तुझ्याकडे येणं होत नाही. ताई, तूच ये ना चार दिवस.

तुझी,
धाकटी