साहेबांनी आणलेला मॉनिटर

प्रिय भिंगरी,

पत्र बघून आधी पोटभर हसून घे. हातात फोन असताना बाबाला हे काय सुचलं, असं तुला वाटणारच. पण फोनवर तू नुसती ‘हं, हं’ करतेस आणि मागे कीबोर्डचा कडकडाट चालू असतो. मी बोलतो ते तुझ्या कानात शिरतं की नाही, देव जाणे. शिवाय जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेलो तर माझा आवाज चढतो आणि तुझी आई म्हणते तसा मी ‘पुन्हा सुरू’ होतो. कागदावर निदान आवाज चढत नाही.

तर आधी खरं ते सांगून टाकतो. मला साहेबांचा हेवा वाटतो. तू त्यांना काका म्हणतेस, तुझी आई नावाने हाक मारते आणि मी मनातल्या मनात साहेब म्हणतो. ज्या माणसाच्या शर्टाला संध्याकाळीसुद्धा सुरकुती नसते त्याला दुसरं काय म्हणायचं? तुझ्या आईने त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा मला फार काही वाटलं नव्हतं, आमचं दोघांचं तोवर तुटून जुनं झालं होतं. पण त्यांनी तुला तो मॉनिटर आणून दिला आणि माझा नुसता जळफळाट झाला. कारण शनिवार माझा होता. तू पाठीवर सॅक टाकून यायचीस, माझ्या त्या जुनाट स्क्रीनवर खेळायचीस, मी मागे खुर्ची टाकून बसायचो आणि मध्येच बोललो म्हणून शिव्या खायचो. मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण त्या शिव्यांची मी आठवडाभर वाट बघायचो. मॉनिटर आला आणि तुझे निरोप सुरू झाले: बाबा, या शनिवारी टीमची प्रॅक्टिस आहे, तुझ्याकडच्या स्क्रीनवर नाही रे जमत. तुझं काही चुकलं नाही. माझा स्क्रीन हिशेब लिहायच्या लायकीचा, त्यावर पळापळीचा गेम कसा खेळणार?

मग मीही इरेला पेटलो. ड्रायव्हिंग स्कूलची सकाळची बॅच शिकवून आटपली की रोज कॉम्प्युटरच्या दुकानात. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, सगळ्यात मोठा दाखवा. साहेबांच्यापेक्षा मोठा, एवढाच माझा अभ्यास. तिने विचारलं, कोणता गेम खेळता? म्हटलं, मी नाही, माझी मुलगी खेळते, त्यात सगळे धावतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. ती खूप हसली, पण बिचारीने नीट समजावलं. म्हणाली, मोठ्या पडद्याने काय होणार काका, मान फिरवण्यातच जीव जाईल, एका नजरेत मावेल एवढाच घ्या. खरी गोष्ट म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं ती. साध्या मॉनिटरला साठ वेळा, असल्या गेमला एकशे चव्वेचाळीस तरी हवं आणि दोनशे चाळीस असेल तर सोन्याहून पिवळं. वर जुनं चित्र पुसून नवं उमटायला उशीर लागत असेल तर धावणाऱ्या माणसामागे सावली फरफटत येते, तेही बघून घ्या. मग तिने दोन मॉनिटर शेजारी लावले आणि मला माउस गोल गोल फिरवायला सांगितला. एकावर बाणाचे सुटे सुटे तुकडे उड्या मारत गेले, दुसऱ्यावर तोच बाण पाण्यासारखा वाहिला. मला तिथल्या तिथे पटलं. समोरून येणारी गाडी मधून मधूनच दिसत असेल तर ब्रेकवरचा पाय कितीही चपळ असून काय उपयोग? दोनशे चाळीसला माझा हात पोचेना, म्हणून एकशे चव्वेचाळीसचा घेतला. खोकं तसंच बंद ठेवलं. पडद्यावरची पातळ फिल्म सोलायला तुला लहानपणापासून आवडतं, तो मान तुझा.

आता मंगळवारचं सांगतो. तुझं विसरलेलं जॅकेट द्यायला मी तुमच्याकडे आलो तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस. तुझ्या आईने चहा दिला आणि तुझ्या खोलीत बसायला सांगितलं. मी तुझ्या खुर्चीत बसलो आणि आधी तुझ्या टेबलावर जळलो. एक वायर दिसेल तर शपथ! कॉम्प्युटर लांब कोपऱ्यातल्या कपाटात, वायरी भिंतीला क्लिपा मारून ओळीने नेलेल्या. माझ्या घरी वायरीत पाय अडकून तू तोंडावर आपटली होतीस, ते आठवलं. मग सहज, अगदी सहज, माउस गोल फिरवला. बाणाचे तुकडे पडले. परत फिरवला, परत तुकडे. दुकानातल्या मुलीने दाखवलं होतं तसं सेटिंगमध्ये शिरलो तर आकडा साठ, आणि साठच्या पुढे निवडायला काही नाहीच. कपाटावरच्या खोक्यावर मात्र ठळक दोनशे चाळीस! वाकून मागे बघितलं तेव्हा उलगडा झाला. मॉनिटरबरोबर आलेली वायर कोपऱ्यापर्यंत पुरली नसणार, म्हणून साहेबांनी तुमच्या जुन्या टीव्हीची लांबलचक वायर जोडली होती. दिसायला छान, पण तिच्यातून साठच्या वर काही जात नाही. हँडब्रेक न काढता गाडी पळवणारे शिकाऊ मला रोज भेटतात, पण त्यांचे शर्ट इतके कडक नसतात.

भिंगरे, माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटल्या. मी काही बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. शनिवारी तू माझ्याकडे बसशील, फरक तुला आपोआप कळेल, बाबा, तुझाच जास्त फास्ट आहे असं तू ओरडशील आणि मग सगळे शनिवार परत माझे. असे मनातले मांडे खात बसलो होतो आणि तू ओल्या केसांनी आलीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस की कॅप्टनने रविवारच्या फायनलला तुला राखीव ठेवलंय. वर म्हणालीस, माझा हातच स्लो आहे रे, समोरची दिसते तोवर मी मेलेली असते, या मॅचनंतर सोडूनच देते. तेवढ्यात साहेब दारात आले, सरावाने येईल गं, असं म्हणाले आणि तू फणकारलीस, काका, तू गप्प बस, तुला काय कळतं त्यातलं!

तू गप्प बस. कालपरवापर्यंत ते ‘अहो काका’ होते. ते ‘तू’ कधी झाले, मला कोणी सांगितलंच नाही. अशी हक्काने शिवी मलाच मिळते अशी माझी समजूत होती. चहा तसाच ठेवून मी निघालो आणि वायरीचं तोंडातून अक्षर काढलं नाही. म्हटलं, घ्या, तुमचं तुम्ही बघा.

आज सकाळी एक शिकाऊ बाई ब्रेक मारायला सारखा उशीर करत होत्या. शेवटी रडवेल्या होऊन म्हणाल्या, माझे पायच मंद आहेत हो. मी नेहमीचं म्हटलं, आधी गाडी बघू, मग तुमच्यावर येऊ. खाली वाकलो तर पायाखालचं मॅट सरकून ब्रेकखाली अडकलेलं. त्यांचं हसू बघून मला माझीच लाज वाटली. परक्या बाईची गाडी मी तपासतो आणि माझी पोर स्वतःच्या हाताला नावं ठेवते तर मी फुगून बसतो.

म्हणून हे पत्र, आणि त्याच्याबरोबर ही वायर. माझं खोकं फोडून काढली आहे, हिच्यातून दोनशे चाळीसही जातात, दुकानातल्या मुलीला विचारून घेतलं. साहेबांच्या मॉनिटरबरोबर आलेली कुठे आहे हे विचारायचं तर त्यांच्याशी बोलावं लागेल, तेवढा मोठा मी अजून झालो नाही. ही आखूड आहे, तेव्हा कॉम्प्युटर कपाटातून उचलून टेबलावर घे, शोभा गेली खड्ड्यात. वायर लाव, सेटिंगमध्ये साठच्या जागी दोनशे चाळीस निवड आणि कॅप्टनला म्हणावं, आता एकदा परत बघ. तुझा हात स्लो नाही, पोरी. काकांना बोल लावू नकोस, मॉनिटर त्यांनी माझ्यापेक्षा चांगला निवडलाय. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आमचा मॉनिटर टेबलावर आहे, फिल्म तशीच आहे, पण वायरीवाचून तो नुसता काळा. फायनल होईपर्यंत वायर परत आणायची नाही, त्यामुळे या शनिवारी माझ्याकडे गेम नाही. तरीही यावंसं वाटलं तर ये.

तुझाच,
बाबा (एकुलता एक)