एकशे चाळीस ग्रॅम

सोमवार, ३

पोचलो एकदाचे! मी आणि ढब्बू. ढब्बू म्हणजे माझा चार महिन्यांचा मुलगा. कागदोपत्री त्याला भारदस्त नाव आहे, पण ते पेलण्याइतका तो अजून झालेला नाही. नोकरीबरोबर मिळालेल्या दोन खोल्या एका शिंप्याच्या दुकानावर आहेत. खोल्या स्वच्छ, नळाला भरपूर पाणी, खिडकीतून समोरच कंपनीचं आवार दिसतं. शिंप्याने पहिल्याच भेटीत बाळाचे बाबा कुठे असतात ते विचारलं. मी म्हटलं, हरवलेत, सापडले तर कळवा. त्याला विनोद कळला नाही. तो टेप गळ्यात घालून माझ्याकडे बघत राहिला.

बाबा हरवलेले नाहीत, त्यांची बदली अडकली आहे. ते आपल्या आईजवळ आहेत आणि सुखात आहेत. सासूबाईंचं म्हणणं होतं की अंगावर पिणारं पोर कुणी गाडीतून गावोगाव हिंडवतं का, त्याला डब्याचं दूध लाव आणि माझ्याकडे ठेव. मी सांगितलं, माझं दूध आहे, माझं पोर आहे आणि नोकरीही माझीच आहे. शेवटी असं ठरलं की महिनाभराने त्याचं वजन बघायचं. भरलं तर मी जिंकले, घटलं तर त्या त्याला घेऊन जाणार. आमचे हे दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांना एकदम दाढी करायची आठवण झाली.

वजनाची पैज, आणि तीही माझ्याशी! मी पोटासाठी वजनकाटेच तपासते. दवाखाने, गोदामं, टपाल कचेऱ्या, जिथे जिथे काटा आहे तिथे पितळी वजनांची पेटी घेऊन जायचं, खोटं बोलणाऱ्या काट्याला वठणीवर आणायचं आणि सील ठोकायचं. माणसांचं असं काही करता येत नाही म्हणून मला माणसं आवडत नाहीत.

बुधवार, ५

आज गाडी मिळाली. पांढरी आहे, फार जुनी नाही, सीटची कव्हरं नवीकोरी. माझ्या आधी हे काम करणारी बाई हीच वापरायची. आवारातल्या गॅरेजचा मिस्त्री किल्ली देताना इतका घुटमळत होता की मला वाटलं बक्षिसी हवी असेल.

बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, पाठमोरी बांधायची असते, म्हणजे चालवणाऱ्या आईला नुसती खुर्चीची पाठ दिसते. पण आधीच्या बाईने मागच्या सीटच्या पाठीला एक गोल आरसा पट्ट्याने बांधून ठेवलाय. माझ्या पुढच्या आरशातून त्या आरशात पाहिलं की ढब्बूचं अख्खं तोंड दिसतं. मिस्त्रीने विचारलं, काढून टाकू का? म्हटलं, एवढी एकच अक्कल त्या बाईने दाखवलेली दिसते, तीही काढून टाकता?

शुक्रवार, ७

माझा नियम सोपा आहे. चालत्या गाडीत पाजायचं नाही. दर दोन तासांनी गाडी सावलीला लावायची, त्याला बाहेर काढायचं, पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आणि निघायचं. यात अवघड काय आहे? पण बाई पाजायला बसली की सगळ्या जगाला कंठ फुटतो. पेट्रोल पंपावरची एक काकू सांगून गेली की आडोशाला बस. तिच्या पाठोपाठ दुसरी आली, म्हणाली आडोशाला कशाला, वारा लागू दे. एका ट्रकवाल्याने लांबूनच मान फिरवली आणि कुंपणाला धडकला. दिवसभरात हाच एक माणूस मला बरा वाटला.

मोठ्या दवाखान्यातली नर्स ढब्बूला बघून पांढरी पडली. म्हणाली, आधीच्या ताईंचंही असंच तान्हं होतं हो, त्याच गाडीत... मी तिला तिथेच थांबवलं. कुणाच्या घरच्या भानगडी ऐकायचा मला पगार मिळत नाही. तिच्या काट्यात वीस ग्रॅमची खोट निघाली. मी दुरुस्त केला, सील ठोकलं आणि निघाले.

बुधवार, १२

ढब्बू गाडीत रडत नाही! पहिले काही दिवस दोन तास झाले की भोंगा सुरू व्हायचा. आज तीन तास झाले तरी हूं नाही की चूं नाही. आरशात पाहिलं, तर डोळे मिटून, गाल फुगवून, मजेत. मी पाजायला थांबलेच नाही. वाटेतली दोन गोदामं जास्तीची उरकली. तिसऱ्या ठिकाणी त्याला बाहेर काढून अंगावर घेतलं, तर महाराजांनी तोंड फिरवलं. पोट भरलेल्या माणसासारखं.

ज्या बायका पोरं रडतात म्हणून रडतात, त्यांच्या मी आता शिकवण्या घेऊ शकेन.

शनिवार, १५

आठवड्यात सव्वीस काटे. साहेबांनी बोलावून कौतुक केलं. आधीच्या बाईला पंधराच्या वर कधी जमलं नाही म्हणे. सारखी गाडी थांबवून पाजत बसायची, मग साहेबांनीच तिला जरा समज दिली होती. हे सांगताना त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. टक्कल चमकतं, आत उजेड नाही. मी म्हटलं, नियोजन लागतं साहेब.

माझी छाती मात्र दगडासारखी दाटून येते. कुडता भिजतो. मोरीत पिळून टाकावं लागतं. ढब्बू दिवसभरात एकदा, तेही सकाळी, दोन घोट घेतो. पण गाल बघा त्याचे! सासूबाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं नाही. जळफळाट.

मंगळवार, १८

आज गंमत म्हणून त्याला मोठ्या दवाखान्यातल्या काट्यावर ठेवलं. सहा किलो एकशे वीस. मग चाळीस किलोमीटर गाडी चालवली, मध्ये कुठेही थांबले नाही, पाजलं नाही. पलीकडच्या दवाखान्यात काटा तपासून झाल्यावर पुन्हा ठेवलं. तोच लंगोट, तेच कपडे. सहा किलो दोनशे साठ.

एकशे चाळीस ग्रॅम. एका वेळचं भरपोट दूध.

पहिला काटा बिघडला असणार. त्या नर्सने त्यावर पिशवीबिशवी आपटली असेल.

बुधवार, १९

पहिला काटा बिघडलेला नाही. आज परत जाऊन पितळी वजनं ठेवून तपासला. सील माझंच, ठोकलं तसंच. मग पुन्हा तोच प्रवास केला. निघताना तोलला, पोचल्यावर तोलला.

एकशे चाळीस.

लोक खोटं बोलतात हे मला पाठ आहे. पण मी स्वतः तपासलेला काटा खोटं बोलतो असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? त्याच्या हनुवटीखाली दूध ओघळून वाळलेलं होतं. मी वास घेतला. माझ्या दुधाचा वास मला माहीत आहे. हा तो नव्हता.

गुरुवार, २०

भर दुपार होती. रस्ता सरळ, ऊन लख्ख. आरशात बघितलं. ढब्बू लुचत होता. तोंडात काही नाही, पण ओठ बाहेर वळलेले, जबडा वरखाली होतोय, आणि गिळल्याचा तो बारीक आवाज. मुलं झोपेत चोखतात, मला कुणी शिकवू नये.

पण त्याचे डोळे उघडे होते. पिताना मुलं जशी आईच्या तोंडाकडे एकटक वर बघतात ना, तसा तो बघत होता. वर, डाव्या बाजूला. आणि एक हात उचलून हवेत काहीतरी कुरवाळत होता. माझ्याशी तो असंच करतो. करायचा.

गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडलं. कुणी नाही. खुर्चीशेजारची सीट दबलेली होती. मी बघत असताना ती हळूहळू वर आली.

शुक्रवार, २१

मिस्त्रीला गाठलं. पंधरा दिवसांपूर्वी मीच त्याला उडवून लावलं होतं, आज त्याच्या स्टुलावर बसून ऐकलं.

तिचं बाळ पाच महिन्यांचं होतं. साहेबांनी समज दिल्यावर तिने थांबणं बंद केलं. एक काटा, मग पाजते. अजून एक, मग पाजते. एका दुपारी ते रडून रडून झोपलं म्हणून ती त्याला गाडीत ठेवून आत गेली. काचा बंद होत्या. पाच मिनिटं म्हणून गेली आणि काटा काही केल्या जुळेना. ती परत आली तेव्हा उशीर झाला होता. नंतर तीन आठवडे ती रोज आवारात येऊन मागच्या सीटवर बसायची. पदर भिजलेला असायचा. कुणी हटकलं नाही. मग एके सकाळी मिस्त्रीला ती तिथेच सापडली, मेलेली. कंपनीने सीटची कव्हरं बदलली आणि गाडी मला दिली.

मी किती हसले होते तिच्यावर. नियोजन लागतं म्हणे. तीन तास, चार तास, मी सुद्धा थांबले नाही. पोर गप्प आहे ना, मग झालं. मी त्याला भुकेला ठेवला आणि तिने पाजला. मीच तिला बोलावल्यासारखं झालं ते.

गाडीची किल्ली साहेबांच्या टेबलावर टाकली. म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. अक्कल गहाण ठेवलेला माणूस. जाऊ दे.

शनिवार, २२

घरी. अंगावर घेत नाही. मला ढकलतो, मान ताठ करतो. काल रात्रीपासून पोटात काही नाही. दूधही आटलंय माझं, मघाशी नुसता एक थेंब... चमच्याने दिलं, थुंकलं. शिंप्याने डब्याचं दूध आणून दिलं, बाटली आणली, काही न विचारता. तेही थुंकलं. डॉक्टर म्हणतात वजन उत्तम आहे, उगाच घाबरता. उद्या लागलं तर आणा.

रडून आवाज बसला त्याचा. त्याला घेऊन खिडकीशी गेले. आवारातली गाडी दिसली आणि तो रडायचा थांबला. हसला. दोन्ही हात पुढे केले—

घरी फोन केला. सासूबाईंनीच घेतला. म्हटलं, तुम्ही जिंकलात, या आणि घेऊन जा त्याला. लांब न्या. त्या काहीच टोचून बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, रडू नकोस, बाळाच्या बाबाला उद्या पाठवते.

मला भीती वाटतेय. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

रविवार, २३, सकाळ

ओठ सुकलेत त्याचे. टाळू आत गेलीय. दवाखान्यात फोन केला, नर्स म्हणाली ताबडतोब आणा. दवाखाना तासाभरावर. हे वाटेत आहेत, तेही तासाभरात—

तासभर टिकेल का तो? माझ्या हातात मान टाकलीय.

मी खाली जातेय. मिस्त्रीकडे दुसरी किल्ली आहे.

रविवार

मागच्या सीटवर बसलेय. खुर्ची काढून टाकली. ढब्बू माझ्या मांडीवर. दार उघडंच ठेवलं होतं, ते लागलं. वारा नाही.

मोठ्याने बोलले तिच्याशी. म्हटलं, बाई, तू पाज. मी तुला नावं ठेवली, चुकलं माझं. पण माझ्या मांडीवर पाज. तो माझा आहे. एवढं कबूल कर.

लगेच लुचायला लागला. गाल हलतायत. घोट घोट घोट. रंग येतोय तोंडावर. देवा.

लिहिते म्हणजे झोप लागणार नाही. झोपायचं नाही. हे येईपर्यंत—

माझी डावी बाजू गार पडलीय. खांद्याला खांदा लागतोय.

पुढच्या आरशात दिसतो तो. पितोय. छातीशी घट्ट धरलाय, एक हात पाठीखाली, एक डोक्याखाली.

पण माझ्या एका हातात वही आहे. दुसऱ्यात पेन.

मांडी हलकी आहे माझी. केव्हापासून—

गाडी आली. हे आले. धावत येतायत. काचेतून वाकून बघतायत, त्याच्याकडे, आणि मग वर, तोंडाकडे. हसले. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी बघून. मी काच वाजवतेय, आवाज का नाही ये—

विचारतायत, पोट भरलं का गं त्याचं?

मी तोंड उघडायच्या आत, माझ्याच आवाजात, कुणीतरी हो म्ह—