अर्धी मात्रा आधी

३ मार्च

काय अवदसा आठवली आणि ‘हो’ म्हणून बसले! थिएटरच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, “नवख्या प्रेक्षकांना ऑपेराची ओळख करून द्यायचीय. तासभर. तुमच्याइतकं कुणाला माहीत?”

बावीस वर्षं प्रॉम्प्टर आहे मी. रंगमंचाच्या कडेला खड्ड्यात बसायचं आणि गाणाऱ्याला पुढचा शब्द अर्धी मात्रा आधी द्यायचा. प्रेक्षकांना माझं तोंड कधी दिसलेलं नाही. तेच बरं होतं.

घरी सुतारबुवांना सांगितलं. नवरा माझा, पण थिएटरात नेपथ्याचं सुतारकाम केलं, तिथले सगळे याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही. ते हसले, तोंडाच्या डाव्या बाजूनं. पक्षाघातानं हसणं ठेवलं, शब्द तेवढे नेले.

५ मार्च

स्पीच थेरपीवाली मुलगी घरी आली आणि माझीच शिकवणी घेऊन गेली! सुतारबुवांनी खिडकीकडे हात केला. मी लगेच – “पडदा लावू?” त्यांनी मान डोलावली. लावला.

“काकू, त्यांना खिडकी उघडून हवी असेल तर?”

तिनं त्यांनाच विचारलं. उघडूनच हवी होती!

“तुम्ही शब्द देता, ते गुमान घेतात. मग त्यांचा शब्द येणार कसा? मनात वीस मोजा.”

वीस! माझ्या धंद्यात वीस मोजले तर गायक माझा गळा धरेल. असा राग आला! जेवायला बसेपर्यंत उतरला, कारण पोरीचं खरं होतं. ते पुन्हा बोलतील की नाही, याची मला इतकी भीती वाटते की मीच बोलत सुटते.

८ मार्च

भाषणाची तालीम. श्रोता एक.

सांगितलं – चारशेहून जास्त वर्षं झाली, इटलीत काही विद्वान मंडळी जमायची. त्यांची खात्री, की जुने ग्रीक लोक नाटकं बोलत नसत, गात. कसे गात, ते एकानंही ऐकलेलं नव्हतं! मग अंदाजपंचे रचलं काहीतरी – ना धड बोलणं, ना धड गाणं. त्यातून ऑपेरा जन्मला. आधी दरबारात वाढला, मग तिकीट काढून कुणीही जावं अशा थिएटरात आला. “अंदाज चुकला असेल, पण पोर गुणाचं निघालं.” हे वाक्य ठेवायचं.

मध्येच सुतारबुवा – “ते... ते...” मी मोजत होते. सातवर फुटले. “नेपथ्य?” मान डोलली. हात्तिच्या! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

९ मार्च

आज बारापर्यंत टिकले.

१४ मार्च

लेक आली. “आई, तू मलाही कधी वाक्य पुरं करू दिलं नाहीस.” हसत म्हणाली, पण म्हणाली.

बोलणं अडतं तिथं कधीकधी चाल उपयोगी पडते, असं थेरपीवालीनं सांगितलंय. म्हणून लेक गाऊन विचारते, “बाबा, पाणी हवं?”

“नको,” ते गायले! दोन सूर, स्वच्छ. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

२१ मार्च

झालं भाषण! साठेक माणसं. इतिहास कसाबसा उरकला, पण कामाचं सांगायला लागले आणि जीभ सुटली. गायक कित्येक आठवडे नुसत्या पियानोच्या साथीनं तालीम करतात, वाद्यवृंद अगदी शेवटी येतो. आणि मागे शिंपी, केसांचे टोप करणारे, सुतार – यांना टाळ्या ऐकू येतात, मिळत नाहीत.

“पहिल्या रांगेत बसलेत ना, त्यांनी इथले सगळे राजवाडे ठोकलेत,” म्हटलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सुतारबुवा लाजून लाल! आम्ही दोघांनी जन्मभर एकाच गोष्टीला जीव लावला, असं वाटून ऊर भरून आला.

२२ मार्च

सकाळी त्यांनी माझा हात धरला. काहीतरी सांगायचं होतं. वीस झाले. तीस झाले. मग मोजणंच सोडलं.

“मला... ऑपेरा... कधीच... आवडला नाही.”

पाच शब्द. त्यातला एकही मी देऊ शकले नसते.

“मग काय आवडतं?” विचारलं, आणि गप्प बसले.